मित्रांना ‘नाही’ म्हणताना श्रद्धा कामी येते का? गावाकडचे अनुभव लिहा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतात आणि बाटल्या निघतात. न पिणाऱ्याला त्या दिवशी तोंड चुकवत फिरावं लागतं. दोस्तमंडळी मागे लागली तेव्हा माळ, दीक्षा, नेम, प्रार्थना यांतलं काही उपयोगी पडलं का? विदर्भातल्या खेड्यांत राहणाऱ्यांनी, तिथून शिकायला बाहेर पडलेल्यांनीही लिहा. उपदेश नको. काय म्हणालात आणि पुढे काय झालं, तेवढं सांगा.

अमरावती जिल्हा, कास्तकार
दारूपेक्षा खर्रा अवघड. दारूला निदान रात्र लागते, पैसा लागतो. खर्रा सकाळी पानठेल्यावर, दुपारी धुऱ्यावर, मयतीतसुद्धा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून एखादा पोट्टा घोटत बसतो, पन्नी गरम होते, मग ती उघडून सगळ्यांपुढे फिरते. चिमूट न घेणारा परका.

मी लहानपणापासून सामुदायिक प्रार्थनेला जातो, खंजिरी वाजवतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला आमचं अर्धं गाव जातं. भजन म्हणायचं तर तोंडात तोबरा चालत नाही, एवढंच कारण मी सांगतो. “काहून बे, लय महाराज झाला काय?” म्हणतात. म्हणोत. त्यातल्याच एकानं आता आपलं पोरगं माझ्याकडे खंजिरी शिकायला पाठवलंय. स्वतःचा खर्रा मात्र सुटला नाही पठ्ठ्याचा.

बुलडाणा जिल्हा
आमच्याकडचे पोट्टे लय हुशार. “गजानन महाराजही चिलीम ओढत होते ना बे, मंग तुले काय होते?” म्या म्हनलं, पोथीत महाराजांनी विस्तवाबिगर चिलीम पेटवली. तू पेटवून दाखव, मंग ओढतो. तवापासून चूप आहेत.

महानुभाव घरातली मुलगी, सध्या नागपूर
दंडवत प्रणाम. आमच्यात परमेश्वर एकच, दुसऱ्या देवतेची पूजा नाही, प्रसादही नाही. दारू-मांस तर लांबच. होस्टेलवर पार्टीत “मी खात नाही” म्हटलं तर कोणी काही बोललं नाही. अडलं ते गणपतीत. आरतीनंतर हातावर मोदक ठेवला, मी तो परत केला. “एवढा कसला माज?” रूममेटनं बरेच दिवस अबोला धरला.

सजावटीचे कागद मीच कापले होते, रांगोळीही मीच घातली होती. पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, मोदक राहिला. दारूचा आग्रह करणाऱ्याला तोडून बोलता येतं. इथे समोर भाविक मुली होत्या, चांगल्या घरच्या, माझ्या जिवाभावाच्या. त्यांना नाही म्हणणं फार जड गेलं. पुढे तीच रूममेट माझ्यासोबत रिद्धपूरला, आमच्या पंथाच्या तीर्थाला, आली, आईच्या हातचं जेवून गेली.

यवतमाळ जिल्हा
आमच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली. 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे, पंचशीलातलं पाचवं शीलही तेच. लग्न लागताना सगळे हात जोडून म्हणतात, आणि घटकाभरात मांडवामागे ग्लास. चुलतभावानं माझ्यापुढे धरला तेव्हा मी विचारलं, “दादा, आत्ताच काय म्हटलं आपण?” तो चिडला. “आज लग्न आहे, विहार इथं आणू नको.” ग्लास मात्र मागे घेतला. आमच्याकडे देवाची भीती नाही, आपल्याच तोंडानं दिलेला शब्द आहे. मला तो जास्त बांधतो.

चंद्रपूर जिल्हा
मी देव मानत नाही, त्यामुळे माझा ‘नाही’ कोणाला पुरत नाही. माळकऱ्याला एकदा विचारून सोडतात. मला विचारतात, “डॉक्टरनं बंद केली काय? बायकोला भेतं काय?” साधं ‘नको वाटते’ हे कारण का चालू नये? आमच्या जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, तेव्हाही बैठका झाल्याच, फक्त बाटली महागली. आता मी निघतानाच गाडीची चावी मागून घेतो. रात्री सगळ्यांना घरी सोडणारा कोणीतरी लागतोच, त्याला आग्रह होत नाही.

अकोला जिल्हा
वरच्या दादांना: माळेचंही तितकं खरं नाही. आमच्या गावात माळ खुंटीला टांगून बसणारे आहेत, वारी जवळ आली की परत घालतात. माझ्या ताटात रस्सा वाढायला सगळ्यात आधी तेच धावतात.