मदत हवी आहे : जुन्या पत्रांतले मायने आणि आदराचे शब्द

नमस्कार मंडळी. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आम्ही काही शेजारी पंचवटीत छोटंसं प्रदर्शन मांडतोय. विषय आहे आदराचे शब्द कसे बदलत गेले.

सगळ्यात जास्त अडलोय ‘बाई’पाशी. जिजाबाई, अहिल्याबाई या नावांत तो मानाचा. शाळेतल्या बाईंनाही आपण त्याच मानाने हाक मारायचो. आता तिथे मॅडम आल्या आणि ‘आमच्याकडे बाई येते’ म्हटलं की घरकामच डोळ्यांपुढे येतं. हे मला मनापासून खटकतं. ‘दादा’चंही तसंच, घरात थोरला भाऊ, गल्लीत दहशत. ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) तर विधवेच्या नावाआधी अदबीने लिहायचे, पण 2023 मध्ये विधवांसाठी तो शब्द सुचवला गेला तेव्हा केवढा विरोध झाला! (गोदेलाच गंगा म्हणणाऱ्या आपल्या गावात तो अजून पत्रिकांवर दिसतो का?)

कुणाकडे तीर्थरूप, गं. भा., चि. सौ. कां. असे मायने असलेली जुनी पत्रं किंवा लग्नपत्रिका आहेत का? फोटो चालतील, साल मात्र हवं. नावं झाकूनच लावू. तुमच्या शाळेत बाईंच्या मॅडम साधारण कधी झाल्या, तेही कृपया कळवा.