उत्तर: जोडी व्हिटेकरमुळे डॉक्टर हू बुडाली?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश सायफाय सिरीयलमध्ये डॉक्टरच्या मुख्य भूमिकेत पहिल्यांदाच बाई (जोडी व्हिटेकर) घेतली म्हणून सिरीयल बुडाली, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. त्याच्या आधी २०१४ मध्येच डॉक्टरचा जुना शत्रू मास्टर, त्याची बाई होऊन मिसी झाली होती ना, मिशेल गोमेझने काय धमाल केली होती, तेव्हा कोणी बोंब मारल्याचं फारसं आठवत नाही!! कारण तेव्हाचा मुख्य लेखक मोफॅटने तिला तसे सीन लिहून दिले. जोडीच्या आधीचा डॉक्टर कपाल्डी भारी होताच, पण २०१५ चा 'हेवन सेंट' घ्या, जवळजवळ अख्खा एपिसोड तो एकटाच, हिऱ्यापेक्षा टणक भिंतीवर अब्जावधी वर्षं बुक्क्या मारतोय, मरतोय, परत पहिल्यापासून सुरू. असं काही जोडी व्हिटेकरच्या वाट्याला आलं का सांगा? तिच्या वेळचा मुख्य लेखक चिबनॉलने सुरुवातीलाच तीन साथीदार तिच्या गळ्यात बांधले आणि प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं द्यायची म्हणून बिचारी नुसती धावतेय आणि माहिती सांगतेय.

आणि जिथे लेखन चांगलं होतं तिथे ती चमकलीच की. विनय पटेलने लिहिलेला 'डीमन्स ऑफ द पंजाब' बघितलाय का? १९४७, फाळणीची सीमारेषा आखली जातेय, साथीदार यास्मिनच्या आजीचं प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी लग्न, ते लावतेय डॉक्टर, आणि शेवटी त्या प्रेमला मागे सोडून डॉक्टरला पाठ फिरवून चालत जावं लागतं, मागून गोळीचा आवाज. तिचा तेव्हाचा चेहरा बघा आणि मग सांगा कास्टिंग चुकलं म्हणून.

'टाइमलेस चिल्ड्रन' या एपिसोडबद्दल (डॉक्टरचा सगळा भूतकाळच बदलून टाकला तो) मात्र तुमच्याशी १००% सहमत, ती भानगड नकोच होती.