आबांची खाज काही केल्या जात नाही, काय असेल?

केळीबाग_रावेर: आमच्या आबांना पावसाळ्यापासून मान, पापण्या आणि कोपराच्या घडीत सारखी खाज आहे, मेडिकलवरून ट्यूब आणली की चार दिवस बरं वाटतं मग परत डबल सुरू, कातडी जाड आणि काळी पडली. निंबाच्या पाल्याने आंघोळ पण करून झाली. रात्री झोप नाही हो त्यांना, बघवत नाही.

चोपडेकर: भाऊ, बांधावर गाजर गवत आहे का? आमच्याकडे निंदणी करणाऱ्यांना असंच होतं, उघड्या अंगावरच येतं. ते हातानं उपटू देऊ नका, फुलबाह्यांचा शर्ट, हातमोजे, घरी आल्यावर लगेच आंघोळ अन् कपडे बदलणं. नक्की कशाची ॲलर्जी ते पॅच टेस्टमध्ये (पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती कातडीची तपासणी) कळतं.

धुळ्याची_ताई: ती ट्यूब आधी डॉक्टरांना दाखवा दादा. बऱ्याच ट्यूबांमधे स्टेरॉइड असतं, खाज दबते पण गजकर्ण असेल तर उलट पसरतं आणि ओळखू पण येत नाही. पापण्यांना तर अजिबात लावू नका, डोळ्याला धोका असतो. घरात अजून कोणाला रात्री खाजतंय का, बोटांच्या बेचक्यात? मग खरूज असू शकते, तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं नाहीतर फिरत राहते.

चोपडेकर: ताईंचं बरोबर. आणि पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज असेल तर शुगर, किडनी, लिव्हर, थायरॉइड तपासून घ्या. तोवर कोमट पाणी, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा.