लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला निघालेय, खाण्याचं सामान कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी,

लेक स्टुटगार्टला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आठव्या महिन्यात विमान नको म्हणून मीच जातेय. व्हिसा ९० दिवसांचा मिळालाय, ३० हजार युरोचा विमाही काढलाय. कोल्हापुरातून रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबई, तिथून विमान. पहिलाच परदेश प्रवास, तोही एकटीने.

कपड्यांचं होईल कसंही. काळजी आहे खाण्याची. डिंकाचे लाडू, सुकं खोबरं, खारीक, बाळंतशोपा, गूळ, दोन किलो घरचं तूप आणि उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी, सगळं काढून ठेवलंय. आता शेजारणीचा मुलगा म्हणतो, तूप आणि खोबरं नेऊ देत नाहीत. खोबऱ्यानं कुणाचं काय बिघडतं? आणि आमच्या चटणीत खोबरं असतंच, मग तीही अडवतील का? बॅग २३ किलोची एकच आहे. माझ्या बीपीच्या गोळ्या कुठे ठेवू? हातात पंधरा दिवस आहेत, कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

काकू, माझी आई अशीच म्युनिकला आली होती. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते तापून आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात बंदी. चटणीची जोखीम घेऊ नका. किलोभर चटणी खोबऱ्याशिवाय, तीळ वाढवून पुन्हा कुटून घ्या. सील मारून मोठ्या बॅगेत ठेवा, पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा. तिखट पूड हातातल्या बॅगेत चालत नाही.

युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणून तूप नको, आणि तुपातले लाडूही नकोत. लाडवांचं कोरडं सामान न्या, लाडू तिथे वळा. तिथलं बिनमिठाचं बटर कढवलं की सुरेख रवाळ तूप होतं. खोबऱ्याचा कीस केकच्या सामानात ‘कोकोसरास्पेल’ नावाने मिळतो, तो मंद भाजून घ्या.

गोळ्या हातातल्या बॅगेतच, मूळ पाकिटात. तीन महिन्यांपुरत्या घ्या आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवा, त्यात कंपनीच्या नावासोबत औषधाच्या घटकाचंही नाव हवं. पॉवर बँकही हातातच.

धागाकर्ती

खूप आभार, जीव भांड्यात पडला. उद्याच लक्ष्मीपुरीत जाऊन तीळ आणते. एक राहिलं, डिंक तळून नेऊ की कच्चा? तिथल्या विजेच्या शेगडीवर फुलतो ना नीट?

प्रतिसाद

कच्चाच न्या, खडे बारीक करून. विजेच्या शेगडीवर तूप तापायला वेळ लागतो, तेवढा द्या आणि थोडा थोडाच टाका. आईने पहिल्या खेपेला घाई केली, तर डिंक आतून कच्चा राहिला आणि दाताला चिकटला. दुसऱ्या खेपेला छान फुलला.