शब्दचर्चा: ‘स्टॅच्युटरी रिडंडन्सी पे’ला मराठीत काय म्हणाल?

लेस्टरकर: इथे ब्रिटनमध्ये, लेस्टरच्या गोदामांत काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी एक पानभर माहिती लिहिते आहे. एक गोदाम बंद होतंय, माणसं घाबरलीत आणि हातात येणारं पत्र सगळं इंग्रजीत. ‘स्टॅच्युटरी रिडंडन्सी पे’पाशी अडले, म्हणजे जागाच रद्द होऊन नोकरी गेली की मालकाने कायद्याने द्यायची रक्कम. हाताशी असलेल्या एका जुन्या पत्रकात ‘नोकरी गेल्याची नुकसानभरपाई’ असं छापलंय. ते वाचून एका काकांनी विचारलं, “दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे काम लागलं तर मिळणार नाही ना मग?” दुसऱ्यांनी विचारलं, “म्हणजे ग्रॅच्युइटीच ना?” दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मग शब्द कोणता वापरू?

नाशिककर: आमच्याकडे सातपूर-अंबडला ‘कामगार कपात’ म्हणतात, आणि त्यावर मिळते ती ‘कपातीची भरपाई’. तुमच्या पानावर मात्र ‘कपात’ नुसती ठेवू नका. पगारपत्रकात ‘कपात’ म्हणजे पीएफ, टॅक्स, सोसायटीचा हप्ता. ‘कपातीची रक्कम’ वाचून माणसाला वाटेल आपलेच पैसे कापले.

खरं सांगायचं तर शॉप-फ्लोअरवर यातलं काहीच कोणी बोलत नाही. ‘त्याला नारळ दिला’ म्हणतात, नाहीतर ‘त्याचा हिशोब केला’. आणि भांडणं सगळी या ‘हिशोबा’तच. थकलेला पगार, शिल्लक रजा, बोनस, नोटीस पगार, ग्रॅच्युइटी, भरपाई, सगळं एका आकड्यात गुंडाळतात आणि सही घेतात. घरी आल्यावर बायको विचारते, ‘यात काय काय आलं?’ कोणाला सांगता येत नाही. ताई, तुमच्या पानावर ‘हिशोब’ हा शब्द वापरलात तर आत काय काय असतं ते वेगवेगळ्या ओळींत लिहा.

ठाणेकर: ‘नुकसानभरपाई’ नको, हे मान्य. ब्रिटनमधली ही रक्कम नुकसान मोजून देत नाहीत. वय, नोकरीची वर्षं आणि आठवड्याचा पगार, या तीन गोष्टींवर ठरते. नवी नोकरी लगेच लागली म्हणून सहसा कमी होत नाही. त्याच मालकाने किंवा त्याच्याच संलग्न कंपनीने लगोलग पुन्हा कामावर घेतलं तर प्रकरण वेगळं.

राहिला ‘रिडंडंट’. त्याला मराठीत चालू वापरातला शब्द आहे, फक्त तो कारखान्यात नाही, शाळेत आहे. पटसंख्या घटली की संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरतं त्यात) पद उडतं आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. त्याच्या शिकवण्यात खोट नसते, त्याने काही गुन्हा केलेला नसतो. जागाच राहिलेली नसते. ब्रिटिश कायद्यातली मूळ कल्पना हीच: धंदा बंद झाला, ते ठिकाण बंद झालं, किंवा त्या प्रकारच्या कामाला लागणारी माणसं कमी झाली. ‘बडतर्फ’ तर लिहूच नका, ती शिक्षा.

नाशिककर: पण अतिरिक्त शिक्षकाला पैसे देऊन घरी पाठवत नाहीत, दुसऱ्या शाळेत समायोजन करतात. शब्द जुळला, गोष्ट जुळली नाही.

ठाणेकर: अर्धी जुळते. तिकडेही मालकाने योग्य असं दुसरं काम देऊ केलं आणि कामगाराने ते विनाकारण नाकारलं, तर ही रक्कम बुडते. नवं काम चार आठवडे करून बघायची मुभा असते. म्हणजे समायोजनाचा भाऊच. लेस्टरच्या पानावर हा भाग ठळक लिहायला हवा. रागाच्या भरात ‘नको तुमचं काम’ म्हणणाऱ्याचे हजारो पौंड जाऊ शकतात.

‘स्टॅच्युटरी’ला शासकीय मराठीत ‘वैधानिक’ म्हणतात. तो शब्द वाचून कोणाला काही कळत नाही. ‘कायद्याने ठरलेली किमान’ लिहा. ‘किमान’ हवंच. मालकाचा करार याहून उदार असू शकतो, याहून कमी देता येत नाही.

लेस्टरकर: ‘अतिरिक्त ठरल्यावरची किमान रक्कम’. बरं वाटतंय कानाला. आता हिशेबाची भाषा तपासा. मी असं लिहिलंय:

“सलग दोन वर्षं नोकरी झालेली असेल तरच हक्क. शेवटच्या दिवसापासून मागे मोजत जायचं. वयाच्या २२ आधीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्ध्या आठवड्याचा पगार, २२ ते ४० मधल्या वर्षाला एका आठवड्याचा, ४१ पासूनच्या वर्षाला दीड आठवड्याचा. जास्तीत जास्त २० वर्षं धरतात.”

उदाहरण: बाईंचं वय ४५ वर्षं ३ महिने, नोकरी १२ पूर्ण वर्षं, आठवड्याचा पगार ६४० पौंड. मागे मोजलं तर शेवटची चार वर्षं दीडपटीची, आधीची आठ एकपटीची. ६ आणि ८ मिळून १४ आठवडे. १४ गुणिले ६४०, म्हणजे ८,९६० पौंड.

मुलुंडकर: चारच वर्षं दीडपटीची कशी? ४१ ते ४५ मध्ये सव्वाचार झाली की.

लेस्टरकर: म्हणूनच ‘मागे मोजत’ लिहिलं. पाचवं वर्ष ४० वर्षं ३ महिन्यांपासून ४१ वर्षं ३ महिन्यांपर्यंत येतं. त्यातले तीन महिने ४१च्या आधीचे. वर्ष अख्खं वरच्या गटात बसलं नाही, तर ते खालच्या गटात मोजतात.

ठाणेकर: इथे ‘पूर्ण वर्ष’ या शब्दाकडे नीट बघा, कारण आपल्याकडून गेलेली माणसं हमखास फसणार. भारतात औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ च्या कलम २५-एफमध्ये कपातीची भरपाई म्हणून प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन होतं, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा अख्खं वर्ष धरत. ९ वर्षं ७ महिने झाली तर भारतात १०, ब्रिटनमध्ये ९. २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा सहा महिन्यांचा नियम तसाच आहे. नाशिकला वीस वर्षं काढून लेस्टरला गेलेला माणूस मनात दहाच धरून बसेल.

तरी ब्रिटनमध्ये एक फट आहे. मालकाने कायद्याने लागणारी नोटीस न देता काढलं, तर ती नोटीस दिली असं धरून शेवटचा दिवस पुढे सरकतो. दर वर्षाला एक आठवडा, कमाल बारा आठवडे. त्या सरकण्यात कधी कधी एक वर्ष पूर्ण होऊन जातं. दोन-चार आठवड्यांनी वर्ष हुकलंय असं वाटणाऱ्याने हे आधी तपासावं.

मुलुंडकर: आणि ‘१५ दिवसांचं वेतन’ म्हणजे महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग की २६ ने भागून १५ ने गुणायचं? आमच्या युनियनमध्ये यावरून दोन तट आहेत.

ठाणेकर: २६ चा भागाकार ग्रॅच्युइटीचा, तिथे कायद्यातच तसं लिहून ठेवलंय. कपातीच्या भरपाईला सर्वोच्च न्यायालयाने गुरु जंभेश्वर विद्यापीठाच्या खटल्यात महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग धरला. २६,००० पगार आणि दहा वर्षं असतील तर एकीकडे दीड लाख, दुसरीकडे एक लाख तीस हजार. शिवाय जुन्या कायद्यांत ‘वेतन’ही एक नव्हतं. ग्रॅच्युइटीला मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायची पद्धत होती, भरपाईला बाकीचे भत्तेही. तुमच्या दोन तटांनी दोन वेगळ्या रकमांचं गणित एकमेकांच्या डोक्यावर मारलंय.

लेस्टरकर: आमच्याकडे ‘आठवड्याचा पगार’ म्हणजे कर कापण्याआधीचा. आठवड्यागणिक कमी-जास्त होत असेल तर बारा आठवड्यांची सरासरी. ओव्हरटाइम कराराने बांधलेला असेल तरच धरतात, मर्जीचा नाही. आणि त्याला छत आहे: ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षाला ७१९ पौंड. बाईंचा पगार ९०० असता तरी हिशेब ७१९ नेच, म्हणजे १०,०६६. अख्ख्या कायद्यातली सर्वांत मोठी रक्कम त्या वर्षाला २१,५७०. हे छत साधारण दर एप्रिलला बदलतं, म्हणून पानावर तारीख टाकणारच. उत्तर आयर्लंडचा आकडा वेगळा असतो.

पुणेकर: मध्येच विचारतो. आमच्या हिंजवडीत सगळे ‘लेऑफ झाला’ म्हणतात. ते आणि हे एकच ना?

ठाणेकर: बोलण्यात एकच, कायद्यात नाही. भारतीय कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे काम किंवा कच्चा माल नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. माणूस पटावरच राहतो आणि अटींत बसत असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतात. हिंजवडीतला ‘लेऑफ’ अमेरिकेतून आलेला आहे, नोकरी कायमची गेलेली असते. ब्रिटिश कायद्यातलाही ‘ले-ऑफ’ तात्पुरताच, पण तो सलग चार आठवडे लांबला तर कामगार स्वतःहून ही रक्कम मागू शकतो. त्यासाठी ठरल्या मुदतीत लेखी कळवावं लागतं. पुणेकर, तुमच्या मित्रांना सांगा, मेलमध्ये ‘लेऑफ’ लिहिलंय की ‘रेझिग्नेशन’ हे आधी बघा. राजीनामा दिला की भरपाईचा हक्क सहसा राहत नाही. नावाला राजीनामा आणि प्रत्यक्षात नारळ, हा आपल्याकडचा सर्वांत जुना डाव आहे.

नाशिककर: त्या एका शब्दापायी आमच्या गल्लीतल्या तिघांचे पैसे गेले.

लेस्टरकर: मग पानाचं शीर्षक असं ठेवते: ‘जागा रद्द झाल्यामुळे अतिरिक्त ठरल्यास कायद्याने मिळणारी किमान रक्कम’. खाली कंसात, मराठी अक्षरांत, ‘स्टॅच्युटरी रिडंडन्सी पे’. पत्रात तेच शब्द असतील, ते ओळखता यायला हवेत. रजेचे पैसे, नोटीस पगार वेगळ्या ओळीत, नाशिककरांच्या सल्ल्याने.

ठाणेकर: छान. दोन ओळी वाढवा. मालकाने रक्कम कशी काढली ते लेखी द्यावं लागतं, तो कागद मागून घ्या. आणि पैसे दिले नाहीत तर सहा महिन्यांच्या आत लेखी मागणी करा किंवा रोजगार न्यायाधिकरणाकडे जा. मालक दिवाळखोर असेल तर सरकारच्या राष्ट्रीय विमा निधीतून मिळतात, तोंड पाडून बसायचं कारण नाही.

मुलुंडकर: टॅक्स?

लेस्टरकर: या रकमेवर नाही. अशा रकमा मिळून ३०,००० पौंडांपर्यंत कर लागत नाही, आणि ही त्याच्या आतच बसते. रजेच्या पैशांवर आणि नोटीस पगारावर मात्र नेहमीसारखा लागतो. त्या ओळी वेगळ्या ठेवायचं हेही एक कारण.