फोरमवरची चर्चा: ऐंशी हजार आहेत. डॅकवर (डिजिटल गाण्याचं स्पीकरला चालेल अशा संकेतात रूपांतर करणारं यंत्र) घालायचे की स्पीकरवर?

मंद्रसप्तक

घरी गाणं ऐकायची नवी मांडणी करायची म्हणून ऐंशी हजार बाजूला काढले होते. दुकानात सल्ला मिळाला: निम्मे स्ट्रीमर (इंटरनेटवरचं किंवा साठवलेलं गाणं पुढे पाठवणारी पेटी) आणि डॅकवर घाला, उगमच गढूळ असेल तर पुढे काय करणार? मी बरोबर उलटं केलं. ५५ हजार स्पीकरच्या जोडीला, १५ अ‍ॅम्प्लिफायरला. उरलेल्या दहात रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक, त्यावर मूड ऑडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि दीड हजाराचा यूएसबी डॅक.

सीडी १९८२ मध्ये आली तेव्हापासून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हा आवाज नोंदवायचा साचा ठरलेला आहे. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. कान तरुणपणीही २० च्या पुढे फारसा जात नाही. साधा डॅकसुद्धा हे काम चोख करतो. त्याची विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारा बिघाड, टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. स्पीकरला मात्र खरोखरची हवा ढकलायची असते. खर्जात जरा आवाज वाढवला की एखाद-दोन टक्के विकृती कुठेच गेली नाही. मग दुबळ्या गड्याला खुराक द्यायचा की आधीच धडधाकट असलेल्याला?

आणि खोली! माझा हॉल १६ फूट लांब. काळी एक या पट्टीच्या तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. खोलीच्या मापाला जुळणारे काही सूर आपोआप घुमतात, त्यांना अनुनाद म्हणतात; १६ फुटांच्या लांबीचा दुसरा अनुनाद येतो ७० वर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे हा अनुनाद जिथे सर्वांत जोरात असतो तिथेच माझे कान. तार छेडली की सगळी खोली घुमायची आणि गवई त्या घुमण्याच्या पलीकडून गात असल्यासारखा वाटायचा. सोफा अडीच फूट पुढे ओढला आणि खर्ज जागेवर बसला. चाळीस हजारांच्या डॅकने हे झालं नसतं.

उगमवादी

मंद्रसप्तक, खोलीचं मान्य. पण "डॅक सगळे सारखेच" हे तुम्ही प्रयोगशाळेतल्या डॅकबद्दल बोलताय, आमच्या इमारतीतल्या नाही. वायरिंग जुनं, अर्थिंग नावाला. लॅपटॉप चार्जरवर लावून यूएसबी डॅक जोडला की स्पीकरमधून सतत हूं. बॅटरीवर चालवला की बंद. तीन महिने मी अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत होतो. शेवटी ऑप्टिकल आउटपुट असलेला तयार स्ट्रीमर घेतला. ऑप्टिकल तारेतून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे हूं कायमचं गेलं.

दुसरं म्हणजे लाइट. तुमचा रास्पबेरी पाय चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्ड कधी बसेल, म्हणजे बिघडेल, सांगता येत नाही. माझं दोनदा बसलं. आई सकाळी अभंग लावते. तिला मी कार्ड पुन्हा लिहायला शिकवू का? तयार पेटीचे पैसे आवाजाचे नसतील, पण ती रोज सकाळी न कुरकुरता चालू होते. गाणं लागलंच नाही तर ५५ हजारांचे स्पीकर काय वाजवणार?

मंद्रसप्तक

उगमवादी, कार्डाचं खरं आहे. मी रास्पबेरी पायला छोटा यूपीएस लावला, तो खर्च हिशेबात सांगायला हवा होता. पण हूं घालवलं ते ऑप्टिकल तारेने, महागड्या डॅकने नाही. ही सोय स्वस्तातल्या डॅकमध्येही मिळते.

विलंबित

मंद्रसप्तक यांना +१, पण एक दुरुस्ती. खोली सुधारायची म्हणजे गोधडी आणि पडदे लावायचे असं अनेक जण समजतात. वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या व्याख्यानगृहात आणून घुमण्याचा काळ मोजला होता, इतकं हे तंत्र जुनं आहे. फरशीच्या हॉलमध्ये टाळी वाजवा, जी झणझण ऐकू येते ती सतरंजीने आणि पुस्तकांच्या कपाटाने जाते. ७० हर्ट्झ जात नाही. त्याची पाव तरंगलांबीच चार फूट भरते, गोधडी बिचारी काय शोषणार?

तिथे सोपे उपाय दोनच: बसायची जागा, नाहीतर ईक्यू, म्हणजे ठरावीक सूरांचा जोर कमी-जास्त करणं. मोजायचा मायक्रोफोन घ्या, आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर लावा, आलेखात उंचवटा दिसेल तेवढाच कापा. खळगा भरायला मात्र जाऊ नका. तिथे लाटा एकमेकींना खोडतात, जास्त ताकद ओतली तर स्पीकरचाच जीव जातो. ऐंशी हजारांतले पहिले पैसे मी मायक्रोफोनला दिले असते.

उगमवादी

म्हणजे ईक्यू करणार कोण? स्ट्रीमरच ना! आलात माझ्या बाजूला.

विलंबित

मूड ऑडिओमध्ये ईक्यू करणारं कॅमिलाडीएसपी आधीच आहे. फुकट.

रात्रपाळी

तुम्हा सगळ्यांच्या घरात संध्याकाळी सहाला कोणी मोठ्याने ऐकू देतं, हे भाग्य आहे. मी रात्री अकराला घरी येतो. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. स्पीकर, खोली, अनुनाद हे सगळं माझ्यासाठी संपलेलं आहे. मी पंचवीस हजारांचे उघड्या पाठीचे हेडफोन घेतले, उरलेल्या पैशांत सबस्क्रिप्शन आणि जुन्या सीड्या. किती वाजता ऐकणार, हे आधी ठरवा ना.

तबकडी

रात्रपाळी यांचं पटलं, आणि पुढे जाऊन म्हणतो की संग्रहावर खर्च करा. आपल्याकडचं तबकड्यांवरचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, गायिका गौहर जान पहिल्या काही कलाकारांपैकी एक. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवरचं गाणं स्ट्रीमिंग सेवांवर सापडतं ते कोणी कसं उतरवलंय यावर अवलंबून. खरखर काढता काढता आवाजातला कणही खरवडून काढलेला असतो. २४ बिटचा शिक्का मारून तो परत येत नाही. मी दोन हार्डडिस्क घेतल्या, एक घरी आणि एक बहिणीकडे. वडिलांच्या कॅसेटी उतरवतोय. त्यातल्या एका खाजगी बैठकीत मध्येच चहाचे कप वाजतात, ते कुठल्याच सेवेवर नाही.

मंद्रसप्तक

तबकडी, हार्डडिस्कचं माझ्या हिशेबात नव्हतंच. घेतो.

विलंबित, काल शेजारच्या मित्राचा मायक्रोफोन आणून मोजलं. ७० चा उंचवटा सोफा हलवूनही चार डेसिबल उरलाय, तेवढा कापला. आणि ५२ च्या आसपास खळगा आहे, तो सोडून दिला. डॅकबद्दल मत तेच. उगमवादी, रविवारी तुमची पेटी घेऊन या. दोन्हींची पातळी व्होल्टमीटरने जुळवू, वर कापड टाकू आणि तुमच्या आईंना विचारू.