औषध आणि ‘सुन्न’ मूल

एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या औषधांवरच्या या चर्चेत एका ताईंनी लिहिलंय की गोळीने मूल सुन्न होतं, तर दुसऱ्यांच्या मते गोळीशिवाय गत्यंतर नाही. माझ्या मते खरा प्रश्न मात्रेचा आहे. मूल गप्प, निर्विकार झालं तर बहुधा मात्रा जास्त झालेली असते. ती कमी करायला डॉक्टरांना लगेच सांगा.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध साधारण ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवतात. साधी गोळी सुमारे चार तास चालते. तिचा असर उतरताना मूल चिडचिडं होतं, रडतं. संध्याकाळचा तो तमाशा म्हणजे ‘औषध लागू पडत नाही’ असं नव्हे. भूक दुपारी मरते, म्हणून गोळीआधी पोहे, दूध पोटभर द्या आणि रात्रीचं जेवण नीट होऊ द्या. शेवटची गोळी दुपारनंतर नको, झोप उडते. दीर्घकाळ चालणारी गोळी फोडू किंवा कुटू नये, सगळं औषध एकदम सुटतं. वजन, उंची, नाडी, रक्तदाब यांची नोंद वहीत ठेवा.

अॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत बंद करणं ही नेहमीची चूक.

इंदूरकरांनो, मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक दुकानाकडे तो परवाना नसतो. दवा बाजारात आधी फोन करून विचारा, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र औषधाआधी पालकांना मुलाचं वर्तन हाताळायचं प्रशिक्षण.